रबराचे वय

जुन्या मोटारीचे वय तिच्या पत्र्यावरून ठरविण्याची लोकरीती आहे, आणि पुष्कळशा लोकरीतींप्रमाणे तीही अर्धीच खरी आहे. लोखंड, पितळ, पत्रा ही मंडळी म्हातारी होतात ती उघडपणे. पत्र्याला फोड येतात, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, इंजिन धूर सोडू लागते. घरातील एखाद्या बोलक्या वृद्धाप्रमाणे हे भाग आपल्या दुखण्याची वार्ता सकाळसंध्याकाळ सर्वांच्या कानांवर घालीत असतात, आणि त्यामुळे त्यांची चिकित्साही वेळेवर होते. परंतु त्याच मोटारीत एक दुसरी, मुकी जात नांदत असते. पंख्याचा पट्टा, रेडिएटरच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची बोटाएवढीही जाड नसलेली नळी, हे सारे रबराचे कुटुंब. हे कुटुंब तक्रार करीत नाही. आदल्या दिवशी जसे दिसत होते तसेच ते अखेरच्या दिवशीही दिसते, आणि मग भर घाटात, पाठीमागे मालमोटारींची रांग लागलेली असताना, एका क्षणात त्याचा अवतार संपतो.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने पट्ट्यानळ्यांवर लिहावे हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु आमच्या दारात तीर्थरूपांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून उभी आहे. ज्याच्या घरी अशी गाडी आहे त्याला या विषयापासून सुटका नाही. मुंबईच्या रस्त्यांवरील याच जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तिचा कुर्ल्याचा कारखाना तर शतक उलटताना थांबला होता. ज्या गाडीचे माहेर असे उरलेले नाही, तिच्या रबराचा विचार तिच्या मालकालाच करावा लागतो.

पट्टा किती दिवस टिकतो, असा प्रश्न कोणासही विचारा; उत्तर किलोमीटरांत मिळेल. पन्नास हजार, साठ हजार, कोणी उदार असला तर लाख. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते रोज धावणाऱ्या गाडीचे उत्तर आहे. जुनी गाडी धावते थोडी आणि उभी राहते फार. आमच्यासारख्यांची गाडी वर्षाकाठी दीड-दोन हजार किलोमीटर गेली तरी पुष्कळ झाले. या हिशेबाने पन्नास हजारांचा पट्टा पंचवीस वर्षे पुरावयास हवा! तो पुरत नाही. कारण रबर अंतर मोजीत नाही, दिवस मोजते.

आमच्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी एक लहानशी मोटार एका वृद्ध गृहस्थांकडून विकत घेतली. गाडी पंधरा वर्षांची, पण चालली होती अवघी अठ्ठावीस हजार. वृद्ध गृहस्थ ती रविवारी देवाला नेत आणि उरलेले सहा दिवस आच्छादन घालून ठेवीत. आमचे स्नेही हर्षित झाले. जुन्या किमतीत नवी गाडी मिळाली असे त्यांना वाटले. कारखान्याच्या पुस्तकात टायमिंग बेल्ट बदलण्यास जो आकडा दिला होता तो अजून फार दूर होता. पुढे एका श्रावणी संध्याकाळी, सपत्नीक परत येत असता, कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे तो पट्टा तुटला. ठोका नाही, धूर नाही, पूर्वसूचना नाही. बोलता बोलता एखाद्याने वाक्य अर्धवट सोडावे तसे इंजिन थांबले. पाऊस, अंधार, चढ, आणि मागून येणारे दिवे. कोणास इजा झाली नाही हे दैव. परंतु त्या रात्रीनंतर त्यांच्या सौभाग्यवती जुन्या गाडीत बसत नाहीत, आणि त्यांना कोणी दोष देत नाही.

हे असे का होते हे समजून घेण्यास रबराच्या कुळात थोडे शिरावे लागते. इंग्रज शास्त्रज्ञ प्रिस्टले याने १७७० साली लिहून ठेवले की, हा पदार्थ पेन्सिलीच्या खुणा पुसण्यास उत्तम. या पुसण्यावरूनच इंग्रजीत त्याचे नाव रबर पडले. त्या काळचे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने गंधक मिसळून उष्णता दिली आणि त्याला स्थिर गुण आणले. रबराचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. गंधक त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी पूल बांधते. पूल मोजके असले म्हणजे साखळ्या ताणल्या तरी पुन्हा जागेवर येतात. यालाच आपण लवचीकपणा म्हणतो.

परंतु हे पूल बांधण्याचे काम कारखान्यात संपत नाही. इंजिनाच्या उष्णतेत, हवेतील प्राणवायूच्या संगतीत ते पुढे मंदपणे चालूच राहते. पूल वाढत जातात, रबर कठीण होते. कोठे साखळ्याच तुटतात आणि ते मऊ, चिकट होते. उष्णता दहा अंशांनी वाढली की ही क्रिया ढोबळमानाने दुपटीने जलद होते. इंजिनातील पाणी नव्वद अंशांच्या आसपास असते. तेव्हा वरच्या नळीचे वय सावलीतल्या नळीपेक्षा किती झपाट्याने वाढत असेल याची कल्पना करावी. त्यातच ओझोन नावाचा वायू आहे. तो हवेच्या दहा कोटी भागांत चारदोन भाग असला तरी ताणलेल्या नैसर्गिक रबरावर भेगा पाडतो, आणि त्या भेगा नेहमी ताणाच्या आडव्या दिशेने पडतात. जे रबर सैल पडले आहे त्याला तो सहसा शिवत नाही. जे ओढले गेले आहे त्यालाच गाठतो. पट्टा तर कप्प्यांवर जन्मभर ओढलेलाच असतो, गाडी उभी असली तरीही. महिनोन्‌महिने एकाच जागी वळलेला राहिल्याने त्याला त्या वळणाची सवय जडते, आणि मग एके दिवशी त्याला एकाएकी धावावयास लावले की तो कुरकुरतो किंवा तुटतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी दहावीस किलोमीटर फिरवून आणावी असे जे जुने लोक सांगत, त्यात बॅटरीची जेवढी काळजी होती तेवढीच, न कळत का होईना, रबराचीही होती.

नळ्यांची कथा याहून गूढ आहे. इंजिन लोखंडाचे, रेडिएटर तांब्यापितळेचे, आणि दोहोंमध्ये रसायने मिसळलेले पाणी. ही तर घरगुती बॅटरीच झाली! या योगे अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि तो नळीच्या आतील रबराला, विशेषतः टोकांजवळ, बारीक चिरा पाडतो. चिरांतून पाणी शिरते ते नळीच्या पोटातील धाग्यांच्या विणीपर्यंत, आणि वीण कुजली की नळीचा जोर संपला. हे सर्व आतून चालते. बाहेरून नळी काळी, गुळगुळीत, निरोगी. म्हणून जाणते मिस्त्री नळीकडे पाहत नाहीत, ती दाबतात. तीही मूठ आवळून मधोमध नव्हे, तर इंजिन पूर्ण थंड असता, क्लिपेपासून दोन बोटे अंतरावर, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत. टोकाशी हाताला आत चिरा किंवा पोकळी लागली, अथवा टोक मधल्या भागापेक्षा अधिक मऊ भासले, तर ती नळी निवृत्त करावी. नळी फुगली असेल, तेल लागून चिकट झाली असेल, किंवा दाबताना करकरत असेल, तर परीक्षेची वाटच पाहू नये.

येथे एक विपर्यास सांगण्याजोगा आहे. जुने पट्टे आपले वय थोडे तरी सांगत. त्यांच्या आतील अंगावर आडव्या भेगा दिसत आणि पाहणारा सावध होई. १९३० साली अमेरिकेत निओप्रीन हे कृत्रिम रबर सिद्ध झाले; त्याचे पट्टे तेलाला आणि ओझोनला अधिक दाद देईनासे झाले, तरी कालांतराने भेगाळतच. अलीकडे इ.पी.डी.एम. या नावाच्या रबराचे पट्टे आले. त्याच्या साखळीच्या कण्यात ओझोनला पकडण्यास जागाच नाही, म्हणून ते सहसा भेगाळत नाहीत. ते झिजतात, टायर झिजतो तसे. आता भेग दिसत नाही म्हणून पट्टा चांगला, असे म्हणण्याची सोय उरली नाही. वस्तू जितकी सुधारली तितकी तिची म्हातारपणाची खूण नाहीशी झाली. मनुष्याच्या बाबतीतही, केस काळे करण्याची साधने वाढल्यापासून, काहीसे असेच झाले आहे.

मग व्यवहारात आयुष्य किती धरावे? साधा पट्टा तीन ते चार वर्षे. पाण्याच्या नळ्या चार, फार तर पाच वर्षे. टायमिंग बेल्टला कारखान्याच्या पुस्तकातील किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, हा सर्वसाधारण हिशेब सुज्ञांस मान्य आहे. आमच्या गाडीत टायमिंगला साखळी आहे, एवढी एक चिंता कमी. पण तिचा पंख्याचा पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो आणि वीजही करवितो. तो गेला की प्रथम तांबडा दिवा लागतो आणि थोड्याच मिनिटांत पाणी उकळते. शिवाय दोन नळ्या अशा आहेत की त्यांच्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. ब्रेकची रबरी नळी आतून सुजते. पाय दाबला की तेल पुढे जाते, पाय काढला तरी मागे येत नाही, आणि चाक धरून राहते. आणि पेट्रोलची नळी. आपल्याकडे २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला या पाहुण्याची सवय नाही; ते फुगते, नरम पडते, झिरपू लागते. पाण्याची नळी फुटली तर प्रवास थांबतो. पेट्रोलची झिरपली तर गाडी पेट घेऊ शकते. तेव्हा ही नळी इथेनॉल सोसणाऱ्या जातीचीच, आणि ती प्रथम, बदलावी.

कित्येक सावध मालक डिकीत एक जादा पट्टा बाळगतात. हे योग्यच, परंतु तो जादा पट्टा कधी घेतला होता हे बहुधा कोणास आठवत नाही. दुकानाच्या फळीवर दहा वर्षे वेष्टनात राहिलेला पट्टा न वापरलेला असतो, पण नवा नसतो. थंड, अंधाऱ्या जागी तो सावकाश म्हातारा होतो इतकेच. टायरवर त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेले असते. पट्टे-नळ्यांच्या बाबतीत इतकी सरळ सोय नेहमी सापडत नाही.

या क्षुल्लक वस्तूची ज्यांना अवहेलना करावीशी वाटेल त्यांनी २८ जानेवारी १९८६ हा दिवस आठवावा. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जीव गेले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे त्या पहाटेच्या थंडीने ताठरले आणि वेळेवर फुलले नाही. चौकशी-मंडळावरील रिचर्ड फाइनमन या विख्यात शास्त्रज्ञाने भर सभेत त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखविला. चिमट्यातून सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होईना. पेलाभर पाण्याने जे सिद्ध झाले ते उमगावयास सात जीव मोजावे लागले होते.

रबराची योजना कोठे होते ते पाहिले म्हणजे त्याच्याविषयी एक प्रकारचा आदर वाटू लागतो. इंजिन सदैव थरथरते, रेडिएटर सांगाड्याला घट्ट बसविलेला. दोघेही कठीण, दोघेही न वाकणारे. मध्ये रबर आहे म्हणून त्यांचे जमते. एकाची थरथर दुसऱ्यापर्यंत पोहोचू न देता उकळते पाणी इकडून तिकडे नेणे हे त्याचे काम. प्रत्येक घरात असे एखादे माणूस असते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आमच्या घरी ते स्थान मातोश्रींचे होते; वडील आणि आम्ही, दोघेही कठीण धातूचे. पण उपमा अधिक ताणू नये. ताणलेल्या वस्तूंचे काय होते हे वर सांगितलेच आहे.

वडिलांविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे. गाडीच्या बाबतीत त्यांची एक वही असे, लाल पुठ्ठ्याची. डाव्या रकान्यात वस्तू, मध्ये बदलल्याची तारीख, उजव्या रकान्यात पुन्हा बदलण्याची तारीख. किलोमीटर त्यांनी कोठेही लिहिले नाहीत. ते कारकुनी पेशातले. यंत्रशास्त्र शिकलेले नव्हते. परंतु फायलींत आयुष्य गेल्यामुळे असेल, मुदत या गोष्टीवर त्यांची श्रद्धा होती. ‘वस्तू बोलत नाही, तारीख बोलते,’ असे ते म्हणत, आणि आम्ही त्याकडे वृद्धाचे सुभाषित म्हणून पाहत असू. २०२३ साली ते गेले. वहीतील अखेरची नोंद मे २०२१ ची: पाण्याच्या सर्व नळ्या व पट्टा. समोर उजव्या रकान्यात त्यांच्या हातचे अक्षर: मे २०२५.

ती तारीख आली तेव्हा आमच्या घरी निराळाच प्रश्न उभा होता. आमची कन्या नोकरीला लागली होती आणि तिला आजोबांची गाडी स्वतः चालवीत कोल्हापूरला न्यावयाची होती, आजीला शेजारी बसवून. सौभाग्यवतींचा विरोध होता. गाडी विकावी, मोडीत घालावी, सरकारही जुन्या गाड्यांना तेच सुचविते, असे त्यांचे म्हणणे. आणि ज्या गोष्टीवर लेकीचा जीव अवलंबून आहे तेथे स्मृती वगैरे शब्द वापरू नयेत, हेही त्यांचेच. त्यांचे बोलणे खोडून काढणे सोपे नव्हते. नोंदणीचा कागद पाच वर्षांसाठी ताजा होता; परंतु कागद पाच वर्षांचा आणि नळी चार वर्षांची, हे आम्हांस ठाऊक होते.

आमचे मिस्त्री वडिलांच्या वेळचे. त्यांनी पट्टा आणि नळ्या तपासल्या आणि म्हणाले, “सर, दिसायला सगळं ठीक आहे. पण अण्णांच्या वहीत काय लिहिलंय?” कन्येने तारीख वाचून दाखविली. “मग झालं तर. ताई, पाना घ्या हातात.” जुनी वरची नळी तिनेच उतरविली. मिस्त्रींनी ब्लेडने ती उभी चिरून उलगडली. बाहेरून आरशासारखी गुळगुळीत. आत क्लिपेच्या जागी केसांसारख्या उभ्या चिरांची रांग, आणि एका चिरेत विणीचा पांढरा धागा उघडा पडलेला. पट्टा मात्र निर्दोष निघाला. त्याला आणखी एक वर्ष सहज ढकलता आले असते, असे मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाले.

त्या दोन वस्तू आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. सावधगिरीचे दुर्दैव हेच की तिला बहुधा पुरावा मिळत नाही. जी नळी फुटली नाही तिच्याविषयी कोणी आभार मानीत नाही, आणि चांगला पट्टा टाकून दिल्याचा खर्च तेवढा लक्षात राहतो. दोन्हींपैकी कोणती कुजलेली आणि कोणती धड, हे काढण्यापूर्वी ओळखता आले असते तर तारखेची गरजच नव्हती. ओळखता येत नाही म्हणूनच मुदत पाळावी लागते. वडिलांच्या बोलण्याचा हा अर्थ आम्हांस त्या दिवशी लागला.

कोल्हापूरचा प्रवास सुखरूप झाला. सौभाग्यवतींचे मत फारसे बदललेले नाही. एवढेच की गाडी विकण्याची गोष्ट आता त्या ‘वहीत जोवर कोणी लिहीत आहे तोवर राहू द्या’ या अटीवर पुढे ढकलतात. अट रास्त आहे. जुनी वस्तू ठेवण्याचा अधिकार तिच्यावर प्रेम करणाऱ्यास नसून तिच्या तारखा सांभाळणाऱ्यास आहे. नुसत्या प्रेमाने नळी मजबूत होत नाही.

वहीत आता वडिलांच्या अक्षराखाली एक नवी ओळ आहे, कन्येच्या हातची. उजव्या रकान्यात तिने मे २०२९ असे लिहिले आहे. त्या तारखेपर्यंत आम्ही महाविद्यालयातून निवृत्त झालेले असू, आणि मातोश्री नव्वदीत असतील. ही ओळ लिहिताना तिने आम्हांस काही विचारले नाही. मिस्त्रींना मात्र विचारले की पेट्रोलची नळी कधीची आहे.